पदवीवाल्या दादांस,



पत्रास कारण की, तुमचा फोन लागत नाही. 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' सांगणारी बाई आता मला आवाजावरून ओळखत असेल. ऑफिसात आलो तर शटर अर्धं खाली, आणि आतला पोरगा म्हणतो, "सर युनिव्हर्सिटीत गेलेत." कोणत्या, ते त्यालाही माहीत नाही. मग विचार केला, तुमची जाहिरात जशी विजेच्या खांबावर सगळ्यांसाठी असते तसं पत्रही सगळ्यांसाठीच लिहावं. तुमचं नाव लिहीत नाही. एक तर ते खरं आहे की नाही याची खात्री नाही, आणि दुसरं म्हणजे पुढच्या पाटीवर ते बदललेलंच असणार.

मी तुमच्या एका विद्यार्थ्याचा मामा, राहणार जळगाव. भाचा धुळे तालुक्यातला. शिवाय तुम्ही-आम्ही एका अर्थी एकाच धंद्यातले. सत्तावीस वर्षं मी एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून होतो. १९९१ साली चिकटलो तेव्हा आपलं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ जेमतेम वर्षाचं होतं, १५ ऑगस्ट १९९० ला पुण्यापासून वेगळं निघालेलं. २०१८ साली निवृत्त झालो आणि त्याच साली विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव मिळालं. मधल्या काळात इलिजिबिलिटीचे फॉर्म, टी.सी., मायग्रेशन, एटीकेटीच्या याद्या हे सगळं या हातांनी केलं. पण तीन वर्षांची पदवी अकरा महिन्यांत पोराच्या हातात ठेवण्याची कला आम्हाला जमली नाही. आमच्याकडे नुसती बी.कॉम.ची मार्कशीट दुरुस्त होऊन यायला अकरा महिने लागायचे.

तुमची जाहिरात मी जपून ठेवली आहे. पिवळ्या कागदावर लाल अक्षरं. 'नापास? गॅप? चिंता सोडा! जुने क्रेडिट ट्रान्सफर करा, एका वर्षात पदवीधर व्हा! १०० टक्के यूजीसी मान्य. जळगाव हेड ऑफिस, धुळे ब्रँच.' खाली एका कोपऱ्यात बारीक अक्षरात 'अटी लागू'. त्या अटी कोणत्या, ते सांगायला तुमच्याकडचं कोणी कधी उपलब्ध नसतं, एवढी एकच अट आतापर्यंत मला सापडली.

'क्रेडिट ट्रान्सफर' हा शब्द मात्र तुम्ही फार हुशारीनं उचललात. मानलं. आधीच्या पिढीतले तुमचे लोक 'मॅनेज करून देतो' म्हणायचे. त्यात गिऱ्हाइकालाही आपण काहीतरी काळंबेरं करतोय हे कळायचं, आणि चारातले दोन घाबरून परत जायचे. तुम्ही सरकारच्याच योजनेचं नाव घेतलंत. २०२१ साली यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, नियम काढून क्रेडिटांची बँक उघडली. विद्यार्थ्याचं खातं, त्याला बारा आकडी नंबर, आणि कॉलेजनं शिकवून परीक्षा घेतली की कमावलेले क्रेडिट त्या खात्यात जमा. शिक्षण अर्धवट सुटलं तरी क्रेडिट साधारण सात वर्षं जिवंत राहतात, दुसऱ्या मान्य संस्थेत गेलं तरी बरोबर नेता येतात. हे सगळं खरं आहे. तुम्ही त्यातला फक्त 'नेता येतात' एवढा शब्द घेतलात आणि बाकीचा कागद फाडून टाकलात.

फाटलेल्या कागदावर काय होतं ते मी सांगतो, कारण तुमच्या ऑफिसात ते सांगायची पद्धत नाही. क्रेडिट जमा करायचा अधिकार फक्त शिकवणाऱ्या संस्थेला. तुमच्या मार्केटातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या गाळ्याला नाही. जी संस्था पदवी देणार तिच्याकडेच किमान निम्मे क्रेडिट कमवावे लागतात, म्हणजे सगळंच्या सगळं बाहेरून आणून फक्त शिक्का मारून घेता येत नाही. आणि कुठले क्रेडिट धरायचे ते घेणारं विद्यापीठ ठरवतं. नोट खरी की खोटी हे देणारा सांगत नसतो, बँकेतला कॅशिअर सांगतो. आपल्याकडे या गोष्टी नवीन आहेत असंही नाही. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा झालेला पोरगा किती वर्षांपासून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला बसतोय. त्याला कोणी 'ट्रान्सफर' म्हणत नव्हतं. 'डायरेक्ट सेकंड इयर' म्हणायचे, आणि त्याची यादी सरकार लावायचं.

आता थोडं गणित करू. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात, वर्षाला ४०. एका वर्षाच्या ४० क्रेडिटांमागे १२०० तासांचा अभ्यास धरलेला आहे, म्हणजे पदवीला ३६०० तास. माझा भाचा तुमच्या ऑफिसात एकूण तीनदा आला, तिन्ही वेळा पैसे द्यायला. चहा धरून झाले दोन तास. म्हणजे तासाला साठ क्रेडिट! लागवडीपासून दोन तासांत केळीचा घड कापणीला आला असं रावेरच्या शेतकऱ्याला सांगून बघा, तो तुम्हाला पाणी पाजून परत पाठवेल.

भाच्याचं खरं खातं काय होतं तेही ऐका. २०१९ ला बारावी झाला, धुळ्याला बी.कॉम.ला बसला. पहिलं वर्ष संपता संपता लॉकडाउन लागला, दुसरं गेलं मोबाइलवर. २०२१ ला त्याच्या वडिलांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि पोरगा छोटा हत्ती चालवायला लागला. राहिलं होतं एक वर्ष आणि कॉस्टिंगचा एक विषय. बस्स. त्याच कॉलेजात जाऊन तिसऱ्या वर्षाचं विचारायचं, राहिलेला विषय सोडवायचा, एवढंच काम होतं. तुम्ही त्याला सांगितलंत, "ते क्रेडिट मेले. आता ते आमच्याकडून जिवंत करून घ्यावे लागतील." आणि त्याच्या दोन्ही वर्षांच्या ओरिजिनल मार्कशिटा 'ट्रान्सफरसाठी' ठेवून घेतल्यात. पोराच्या हातात जे काही खरं होतं तेवढंच नेमकं तुम्ही काढून घेतलंत. या बाबतीत तुमचा नेम चुकत नाही.

२०२३ चं साल होतं. घरात कापूस पडलेला. आदल्या वर्षी भाव चढला होता म्हणून सगळ्यांनीच ठेवला होता. पुढच्या खोलीत छतापर्यंत ढीग, त्यातल्या किड्यांनी अंगाला खाज, माझी बहीण रात्री ओसरीवर झोपायची. दहा हजार होतील, दहा हजार होतील म्हणत थांबलेले. तुमचा फोन आला, 'सीट भरत आल्या, या महिन्यात नाही केलं तर पुढची बॅच.' शेवटी सात हजार दोनशेनं दहा क्विंटल घातला. गुणाकार तुम्ही आधीच करून ठेवला असावा, कारण तुमची फीही बहात्तर हजारच निघाली. तीस, पंचवीस आणि सतरा, अशा तीन हप्त्यांत. वर दीड हजार 'प्रोसेसिंग'चे. पावती आहे माझ्याकडे. तिच्यावर पदवी हा शब्दच नाही. 'मार्गदर्शन शुल्क' असं लिहिलंय. मार्गदर्शन झालं खरं.

आणि ती मार्कशीट! कागद जाड, होलोग्राम चकचकीत, सही अशी की आमच्या रजिस्ट्रारनाही जमली नसती. परराज्यातल्या विद्यापीठाची. पहिल्या वर्षाची परीक्षा 'एप्रिल २०२०'. दादा, एप्रिल २०२० आठवतो का? २५ मार्चपासून देश बंद. रेल्वे बंद, एसटी बंद, धुळ्यात पाचकंदीलला पोलीस काठी घेऊन उभे. ५ एप्रिलला रात्री नऊ वाजता सगळ्या गावानं नऊ मिनिटं दिवे लावले, आणि माझ्या भाच्यानं लावलेल्या पणतीचा फोटो अजून फॅमिली ग्रुपवर आहे. त्याच महिन्यात हा पोरगा सातशे किलोमीटर लांब जाऊन सहा पेपर देऊन आला, आणि घरी कोणाला कळलंही नाही. पर्यावरण विषयात त्याला ८१ पडले. हवा त्या महिन्यात खरोखरच स्वच्छ होती, एवढं कबूल करायला हवं.

मागची तारीख टाकताना कॅलेंडर बघत जा, दादा. माझ्यासारखा कारकून सगळ्यात आधी तारीख बघतो, मार्क नंतर.

मला हे कळलं गेल्या वर्षी. भाच्याला एका फायनान्स कंपनीत वसुलीची नोकरी लागली होती. कंपनीनं कागद पडताळणीला पाठवले. दोन ओळींचं उत्तर आलं, या आसन क्रमांकाचा विद्यार्थी आमच्या नोंदीत नाही. नोकरी गेली ती गेलीच, वर कंपनीनं पोलिसांत जाऊ नये म्हणून हातापाया पडायला मी आणि त्याचे वडील गेलो. येताना पारोळ्यापर्यंत दाजी एक शब्द बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "पैसा गया, कागद ऱ्हायना. आते तो कागद बी खोटा."

माझा भाचा धुतल्या तांदळाचा आहे असं मी म्हणत नाही. आपण तो पेपर दिला नाही हे त्याला माहीत होतं. मी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मामा, मला वाटलं ट्रान्सफर म्हणजे असंच असतं." त्यातलं निम्मं खरं होतं, निम्मं स्वतःची समजूत. पण ती समजूत घालायला शब्द तुम्ही पुरवलात. तुमच्याकडे पैसे भरले त्या २०२३ सालीच तलाठ्याच्या साडेचार हजारांवर जागा निघाल्या होत्या आणि अर्ज आले दहा लाखांवर. पदवीधर असणं ही अट. गावात बरोबरीचे सगळे फॉर्म भरत होते आणि हा गाडीत सिमेंटच्या गोण्या चढवत होता. ज्याला मागे राहिल्याची लाज वाटते, तो माणूस विचारायला कॉलेजात जात नाही. तो खांबावरची जाहिरात वाचतो, तीही आजूबाजूला कोणी नाही हे बघून.

इथे तुमच्या वतीनं एक गोष्ट मलाच लिहावी लागेल. पोरगा आधी कॉलेजात गेला होता. खिडकीवर विचारलं, माझं तिसरं वर्ष राहिलंय, काय करावं लागेल? आतून उत्तर आलं, "साहेब नाहीत, सोमवारी या." सोमवारी गेला तर सर्व्हर बंद. त्याला पुढे उत्तर कोणी दिलं नाही. ती खिडकी माझ्या कॉलेजची नव्हती, पण ते उत्तर माझंच होतं. सत्तावीस वर्षांत मी ते किती वेळा दिलं असेल, देव जाणे. जेवणाची सुट्टी साडेबाराला व्हायची आणि सव्वाबारापासूनच आम्ही खिडकीची फळी लावायचो. तुमच्या ऑफिसात मात्र पंखा होता, पाण्याचा जार होता, आणि तुम्ही त्याला "बस भाऊ" म्हणालात. नोकरीत असताना मी किती पोरांना "बस" म्हटलं, ते आठवायचा प्रयत्न केला. एका हाताची बोटं पुरली.

तेव्हा स्वस्तात आणि लवकर पदवी हवी असणाऱ्यांसाठी खऱ्या वाटा कुठल्या, हे त्या खिडकीच्या वतीनं आता सांगून टाकतो. तुमचं गिऱ्हाईक तुटेल, पण तुम्ही मोठ्या मनाचे आहात.

नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. फी काही हजारांत, आणि नोकरी सांभाळून शिकता येतं. आमच्याच कॉलेजातल्या शिपायानं ४८ व्या वर्षी तिथून बी.ए. केलं. घंटा झाली की उठायचा, टोला द्यायचा, परत येऊन स्टुलावर पुस्तक उघडायचा. निकाल लागला त्या दिवशी प्राचार्यांच्या टेबलावर पेढे ठेवले आणि पुढची घंटा तीन मिनिटं उशिरा दिली. तेवढा एकच उशीर. तीन वर्षं लागली, पण त्याच्या कागदाची पडताळणी कोणीही, कधीही करावी.

दुसरी वाट 'स्वयम'ची, २०१७ पासूनची. आयआयटीच्या आणि मोठमोठ्या संस्थांच्या प्राध्यापकांचे अभ्यासक्रम मोबाइलवर, शिकायला पैसा लागत नाही, फक्त परीक्षेची फी. कॉलेजनं मान्य केलं तर एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम तिथून करून क्रेडिट खात्यात घेता येतात. किती कॉलेजं हे पोरांना सांगतात ते विचारू नका. नोटीस बोर्डावर असतं, इंग्रजीत, काचेच्या आत, आणि काचेवर आदल्या वर्षीच्या गॅदरिंगचं पोस्टर.

घाई असणाऱ्यांचीही सोय यूजीसीनं २०२५ च्या नियमांत केली. हुशार विद्यार्थ्याला जास्त क्रेडिट घेऊन लवकर सुटता येतं. पण किती लवकर? तीन वर्षांची सहा सत्रं पाचात. एक सत्र वाचतं, आणि तेही मंजूर जागांच्या १० टक्क्यांपर्यंतच विद्यार्थ्यांना, समितीनं तपासल्यावर. देशाच्या आयोगाला सहा महिन्यांपेक्षा जास्त वाचवता आलं नाही, तिथे तुम्ही दोन वर्षं वाचवलीत. तुम्हाला दिल्लीला न्यायला हवं होतं.

अमेरिकेतलं उदाहरण तुम्ही गिऱ्हाइकांना देता, असं ऐकलं. "तिकडे सगळे ट्रान्सफरच करतात." करतात ना. गावातल्या स्वस्त कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं काढून मग मोठ्या विद्यापीठात जातात. न्यू जर्सीत तर थॉमस एडिसनच्या नावाचं एक विद्यापीठ १९७२ पासून खास मोठ्या वयाच्या लोकांसाठीच चालतं. इकडून-तिकडून शिकलेलं तपासून, जोडून घेतात. फक्त तिथे तपासतात, हा मुद्दा तुमच्या बोलण्यातून नेहमी गळतो.

तुमच्या घराण्याचा इतिहासही थोडा वाचला मी. छत्तीसगडानं २००२ साली कायदा केला आणि बघता बघता तिथे ११२ खाजगी विद्यापीठं उगवली, पावसाळ्यातल्या कुत्र्याच्या छत्र्यांसारखी. त्यांतल्या कितीतरींना ना इमारत, ना मैदान. यूजीसीचे माजी अध्यक्ष प्रा. यशपाल कोर्टात गेले आणि ११ फेब्रुवारी २००५ ला सुप्रीम कोर्टानं ती सगळी एका निकालात उपटली. हिमाचलात सोलनकडच्या मानव भारती विद्यापीठाच्या तपासात बनावट पदव्यांचा आकडा ३६ हजारांच्या आसपास सांगितला गेला. आपल्या महाराष्ट्राचंही एक नाव यूजीसीच्या बोगस विद्यापीठांच्या यादीत वर्षानुवर्षं आहे, नागपूरचं. खान्देशाचं नाव अजून नाही. तुमची त्या दिशेनं मेहनत दिसते.

आणि कायद्याची भीती दाखवावी तर तीही जमेना. १९५६ चा यूजीसीचा कायदा काढून वाचला. अधिकार नसताना पदवी देणाऱ्याला कलम २४ खाली दंड किती? एक हजार रुपयांपर्यंत. तुमची नुसती प्रोसेसिंग फी त्याच्या दीडपट. फसवणुकीची आणि खोट्या कागदांची कलमं वेगळी आहेत म्हणा, ती आता पोलीस बघतील.

तुमच्या ऑफिसात भिंतीवर थोरांच्या तसबिरी आहेत, भाच्यानं सांगितलं. त्यात आणखी एक लावा. इतिहासाचार्य राजवाडे. धुळ्यातच गेले, १९२६ च्या ३१ डिसेंबरला, आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही तिथे आहे. मॅट्रिक १८८२ ला, बी.ए. १८९० ला. आठ वर्षं! त्या काळी तुमची धुळे ब्रँच असती तर १८८३ लाच पदवीधर झाले असते, आणि जुनी दप्तरं धुंडाळत गावोगाव फिरायचा त्रासही वाचला असता. शेजारी बहिणाबाईंचा फोटो लावायचा मोह झाला तर मात्र आवरा. असोद्याची ती बाई. लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि आपल्याला येतं असं त्यांनी कधी कोणाला दाखवलं नाही. विद्यापीठाच्या खऱ्या पदवीवर आज त्यांचं नाव छापलेलं असतं, आणि माझ्या भाच्याला ते एका वर्षाच्या अंतरावर होतं.

आता कामाचं. बहात्तर हजारांचं बोलत नाही. ते तुम्ही परत दिले तर मीच आश्चर्यानं आडवा होईन आणि दवाखान्यात तेवढेच जातील. मला भाच्याच्या पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या ओरिजिनल मार्कशिटा हव्यात. तो तिसऱ्या वर्षाला बसणार आहे. मी स्वतः त्याच्याबरोबर कॉलेजच्या खिडकीवर जाऊन आलो. आतली मुलगी नवीन आहे, तिनं फळी लावली नाही. कॉस्टिंगचा पेपर जुन्या पॅटर्नचा असल्यानं बदली विषय कुठला ते तिनं कागदावर लिहून दिलं, आणि म्हणाली, जुन्या मार्कशिटा आणा.

तुम्ही त्या दिल्या नाहीत तर डुप्लिकेट काढावी लागेल. त्याची पद्धत मला पाठ आहे, शेकडो वेळा करवून घेतली आहे. आधी पोलिसांत गहाळ झाल्याची नोंद, मग प्रतिज्ञापत्र, मग विद्यापीठात अर्ज आणि फी. पोलिसांच्या अर्जात एक रकाना असतो, 'कागदपत्रे कोठे गहाळ झाली'. बाकीची पोरं तिथे 'प्रवासात' असं लिहून मोकळी होतात.

आम्ही तुमच्या ऑफिसचा पूर्ण पत्ता लिहिणार आहोत, गाळा नंबरासकट. सोबत पावतीची आणि एप्रिल २०२० च्या मार्कशिटेची झेरॉक्स जोडतोय. सोमवारी सकाळी अकराला ठाण्यात जायचं ठरलंय. त्याआधी कुठली युनिव्हर्सिटी आटोपून परत आलात, तर शटर पूर्ण वर करून ठेवा.

आपला,
एक निवृत्त कारकून
(तुमच्या विद्यार्थ्याचा मामा)